आईबाबांच्या अर्जाची घाई नको, भावाचा अर्ज मात्र थांबवू नका

प्रश्न : मी न्यू जर्सीत एडिसनला राहते. लग्नानंतर नवऱ्याच्या नागरिकत्वावर मला ग्रीन कार्ड मिळालं आणि मागच्या वर्षी मी अमेरिकन नागरिकत्वाची शपथ घेतली. जूनमध्ये मुलगा झाला. बाळंतपणासाठी आईबाबा कराडजवळच्या आमच्या गावाहून पर्यटक व्हिसावर आले आहेत. परतीची तिकिटं नोव्हेंबरची आहेत. बाबा ७१ वर्षांचे, त्यांना मधुमेह आहे. आई ६४ ची. गावी घर आणि उसाची शेती आहे. भाऊ पुण्यात नोकरी करतो, २९ वर्षांचा, त्याच्यासाठी स्थळं बघणं चालू आहे. आमच्या महाराष्ट्र मंडळातले एक काका म्हणाले, "आईबाबा इथेच आहेत ना, मग ९० दिवस होऊ देत आणि लगेच त्यांच्या ग्रीन कार्डचा अर्ज टाक. त्यांना कार्ड मिळालं की ते मुलाला बोलावतील. बहिणीने भावासाठी केलेल्या अर्जाला वीस वर्षं लागतात." आईला हे पटलंय. ती म्हणते, तोवर भावाच्या लग्नाची घाई नको. बाबा यावर काहीच बोलत नाहीत. गावाकडे फोन लावून कारखान्याची ऊसतोडीची टोळी कधी येणार तेवढं विचारतात. मला लवकरच कामावर रुजू व्हायचंय आणि बाळाला पाळणाघरात ठेवायची मनाची तयारी नाही. शिवाय आईच्या प्रत्येक कागदावर नाव वेगळं आहे. मी काय करावं?
एक लेक, एडिसन

उत्तर : तुमच्या पत्रात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. आईबाबांनी कुठे राहायचं, भावाने अमेरिकेत यायचं का, आणि तुम्ही कामावर गेल्यावर बाळाला कोण बघणार. काकांनी तिन्हींवर एकच औषध सांगितलं आहे, आणि ते तिन्हींपैकी एकालाही नीट लागू पडत नाही. माझं मत आधीच सांगून टाकते. आईबाबांच्या अर्जाची अजिबात घाई करू नका. भावाला हवं असेल तर त्याचा अर्ज या महिन्यातच भरा. आणि त्याचं लग्न या कारणासाठी एक दिवसही लांबवू नका. बहुतेक घरांत नेमकं उलटं होताना मी बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आईबाबांच्या बाबतीत घाई का नको? अमेरिकेच्या कायद्यात नागरिकाचा नवरा किंवा बायको, २१ वर्षांखालची अविवाहित मुलं, आणि नागरिक स्वतः २१ वर्षांचा झाला असेल तर त्याचे आईवडील, हे 'निकटचे नातेवाईक' धरले जातात. या वर्गाला वार्षिक संख्येची मर्यादा नाही, आणि मर्यादा नाही म्हणून रांगही नाही. अर्जाची तपासणी व्हायला वर्षभर किंवा त्याहून जास्त वेळ जातो, पण तो कामकाजाचा वेळ. आज अर्ज केला काय आणि चार वर्षांनी केला काय, त्यांचा नंबर मागे जात नाही. 'पुढे कायदाच बदलला तर?' हा प्रश्न तुमच्या मनात येईल, आणि तो अगदीच निराधार नाही. २०१७ साली सिनेटमध्ये आलेल्या रेज नावाच्या विधेयकात भावंडांचा वर्ग बंद करायचा आणि आईवडिलांना ग्रीन कार्डऐवजी मुदतीचा व्हिसा द्यायचा प्रस्ताव होता. ते मंजूर झालं नाही. उद्या तसं काही पुन्हा जोर धरू लागलं तर तेव्हा हालचाल करता येईल. नुसत्या त्या भीतीपोटी ७१ वर्षांच्या माणसाचं गाव आज सोडवायला माझं मन घेत नाही.

आता काकांचे ९० दिवस. हा आकडा अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने आपल्या वकिलातींसाठी केलेल्या नियमपुस्तिकेतला आहे. पाहुणा म्हणून आलेल्या माणसाने पहिल्या ९० दिवसांत व्हिसाशी न जुळणारं काही केलं, तर तो आत येतानाच खोटं बोलला असं गृहीत धरायला तो नियम वाव देतो. एक्क्याण्णवाव्या दिवसापासून सगळं माफ, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. शिवाय देशातले अर्ज तपासणारी यूएससीआयएस ही संस्था त्या आकड्याने बांधलेली नाही. तिथला अधिकारी येतानाचा हेतू काय होता हे बघतो.

विमानतळावर तुमच्या बाबांनी सांगितलं असणार, नातू झालाय, नोव्हेंबरात परत जाणार, हे तिकीट. तेव्हा ते पूर्ण खरं होतं. इथे आल्यावर एखाद्याचं मन खरोखर बदललं तर कायदा आडवा येत नाही. तपासणी होऊन रीतसर आत आलेल्या निकटच्या नातेवाइकाला देशातच राहून ग्रीन कार्डसाठीचा आय-४८५ हा अर्ज करता येतो. पण तुमचं पत्र वाचून मला तरी बाबांचं मन बदललेलं दिसत नाही. मग उद्या शपथेवर त्यांनी काय सांगायचं? खोटं बोलून आत आल्याचा ठपका बसला, तर प्रवेशबंदी कायमची असते. माफीचा अर्ज करता येतो, पण त्यासाठी अर्जदाराचा नवरा किंवा बायको, नाहीतर त्याचे आईवडील, यांच्यापैकी कुणीतरी अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावं लागतं. मुलगी नागरिक असणं तिथे धरतच नाहीत. म्हणजे तुमच्या आईबाबांसाठी ते दार उघडायला कुणीच नाही. ही एक गोष्ट मंडळातल्या गप्पांत कधी सांगितली जात नाही, आणि सगळ्यात जास्त नुकसान हीच करते.

दुसरी अडचण रोजच्या जगण्यातली आहे. आय-४८५ टाकल्यावर, प्रवासाची आगाऊ परवानगी हातात पडण्याआधी देश सोडला, तर अर्ज सोडून दिला असं धरलं जातं. ती परवानगी यायला महिने लागू शकतात. तेवढ्या काळात गावी कुणाचं बरंवाईट झालं, बांधावरून काही वाद उभा राहिला, तरी बाबांना हलता येणार नाही. त्यांचे हे महिने कसे जातील ते तुम्हीच डोळ्यांसमोर आणा.

पुढेमागे दोघांनी ठरवलंच तर शांत वाट मुंबईची आहे. त्यांनी ठरल्याप्रमाणे परत जायचं, तुम्ही इथून दोघांसाठी आय-१३० हा नातेवाइकासाठीचा अर्ज भरायचा, तो मंजूर झाला की प्रकरण पुढची कागदपत्रं तपासणाऱ्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे जातं आणि शेवटी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीत मुलाखत होते. तोवर दोघं आपल्या घरात, आपल्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली राहतात. एक लक्षात ठेवा. आईवडिलांच्या वर्गात एका अर्जावर दुसऱ्याला नेता येत नाही. आईचा अर्ज वेगळा, बाबांचा वेगळा, फीसुद्धा दोनदा.

मात्र आय-१३० भरला की त्यांचा पर्यटक व्हिसा नाजूक होतो. 'तुम्हाला कायमचं राहायचंय असं तुमच्या मुलीनेच लिहून दिलंय, मग आता पाहुणे म्हणून कसे येताय?' हा प्रश्न विमानतळावर कुणीही विचारू शकतो. आज त्यांचा व्हिसा स्वच्छ आहे, दिलेल्या मुदतीत परत गेल्याची नोंद होणार आहे. ही नोंद मोलाची आहे, सहजासहजी घालवू नका.

आता मूळ गोष्टीकडे येते. आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं, ग्रीन कार्ड घेऊन ठेवावं, मग हवं तेव्हा जावं-यावं. कायदा तसं मानत नाही. कार्ड घेतलेल्या माणसाचं घर अमेरिकेत आहे असं धरलं जातं. सलग १८० दिवसांहून जास्त बाहेर राहून परतलं तर प्रवेशासाठी नव्याने आल्यासारखी तपासणी होऊ शकते. वर्षाहून जास्त बाहेर राहिलं तर नुसतं कार्ड दाखवून आत येता येत नाही. पुनःप्रवेशाचा परवाना मिळतो, तो जास्तीत जास्त दोन वर्षांचा, आणि त्याचा अर्ज करताना माणूस अमेरिकेत हजर असावा लागतो. सहा महिन्यांच्या आत दरवर्षी एक चक्कर मारली की झालं, हाही गैरसमजच. वर्षाचा बहुतेक काळ कराडला आणि उरलेले आठवडे एडिसनला, असं दोन-तीन वर्षं चाललं की अधिकारी विचारतो, तुमचं घर नेमकं कुठे आहे? आणि तुमच्या बाबांकडे त्याचं खरं उत्तर एकच आहे.

पैशाची बाजूही समजून घ्या. कार्ड हातात आल्यावर माणूस अमेरिकेचा करदाता होतो, आणि जगात कुठेही मिळालेलं उत्पन्न तिथे दाखवावं लागतं. बाबांचं शेतीचं उत्पन्न भारतात प्राप्तिकरातून सुटतं. अमेरिकेत ती सूट नाही, उसाचं बिल तिथल्या विवरणपत्रात येणार. ठेवींचं व्याज, घरभाडं आणि पीपीएफचं व्याजही तसंच. भारतातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली तरी एफबार नावाचं वेगळं विवरण द्यावं लागतं. ते न दिल्यास दंड मोठा आहे. शेतकऱ्याच्या घरात मुदतठेवी मिळून ही रक्कम सहज होते. जमीन मात्र जात नाही. परदेशी राहायला गेलेल्या माणसाला आधीपासून नावावर असलेली शेतजमीन ठेवता येते, नवीन विकत घेता येत नाही. सातबाऱ्याची चिंता बाबांच्या मनात असेल तर एवढं त्यांना जरूर सांगा.

आणि औषधपाणी. ६५ वर्षांवरच्या नव्या ग्रीन कार्डधारकाला मेडिकेअर, म्हणजे तिथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, लगेच मिळत नाही. पाच वर्षं सलग वास्तव्य झाल्यावर हप्ते भरून त्यात जाता येतं. तोपर्यंत न्यू जर्सीच्या सरकारी विमा बाजारातून पॉलिसी घ्यावी लागेल. मधुमेह आहे म्हणून ते नाकारू शकत नाहीत, ही चांगली बाजू. पाहुण्यांच्या विम्यात आधीपासूनचे आजार सहसा धरत नाहीत, म्हणून आत्ताच्या मुक्कामातसुद्धा बाबांच्या गोळ्या, साखरेची पट्टी आणि डॉक्टरांची चिठ्ठी यांत ढिलाई नको.

हे सगळं लिहायचं कारण तुमच्या पत्रातली एक ओळ. बाबा काही बोलत नाहीत, टोळी कधी येणार तेवढं विचारतात. ताई, ते बोलताहेत. लेकीच्या घरी, नातवाच्या तोंडाकडे बघत 'मला इथे राहायचं नाही' असं म्हणणं त्यांच्या वयाच्या माणसाला जड जातं. तुम्ही त्यांना एकट्याला घेऊन फिरायला जा आणि सरळ विचारा. 'तुम्हाला इथे यायला आवडेल का' असं नाही. विचारा, 'वर्षातले किती महिने तुम्हाला गावी राहायचंय?' उत्तर चार किंवा त्याहून जास्त आलं, तर पर्यटक व्हिसाच त्यांच्यासाठी योग्य आहे. आईचं मत वेगळं निघालं तर तिच्या एकटीसाठीही अर्ज करता येतो. पण या वयात दोघांना दोन देशांत ठेवण्याआधी तिलाही नीट विचार करू द्या. तुमच्याजवळ राहायची तिची ओढ किती आणि मुलाला पुढे नेण्याची आशा किती, हे तिचं तिलाही अजून वेगळं करता आलेलं नसेल.

त्या आशेबद्दल स्पष्टच लिहिते, कारण काकांचं गणित इथे पार चुकलंय. नात्यावर आधारलेल्या व्हिसांना प्राधान्य देणारी व्यवस्था १९६५ च्या कायद्याने आली आणि आजचे आकडे १९९० च्या कायद्यातले आहेत. निकटचे नातेवाईक सोडून बाकी सगळ्या नात्यांसाठी वर्षाला किमान २,२६,००० व्हिसा, त्यांतले भावंडांसाठी ६५,०००, आणि कुठल्याही एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्क्यांहून जास्त नाहीत. भारतातून मागणी प्रचंड, म्हणून २०२५ साली भारतीय भावंडांच्या रांगेत २००६ मध्ये भरलेल्या अर्जांचा नंबर चालू होता. एकोणीस वर्षं झाली. काकांचे 'वीस वर्षं' इथपर्यंत खरे आहेत.

आता ते सुचवतात ती दुसरी वाट बघा. आईला ग्रीन कार्ड मिळेल, मग ती अविवाहित मुलासाठी अर्ज करेल. त्या रांगेत २०२५ साली २०१६ च्या अर्जांचा नंबर होता, म्हणजे नऊ वर्षांच्या आसपास. आईचं कार्ड मिळायचा काळ त्याच्या आधी मोजा. एवढी सगळी वर्षं आईने अमेरिकेत राहून कार्ड जपायला हवं. आणि तुमच्या भावाने तोपर्यंत लग्न करायचं नाही. ग्रीन कार्डधारकाला विवाहित मुलासाठी अर्जच करता येत नाही. त्यामुळे आई नागरिक होण्याआधी भावाने लग्न केलं तर तो अर्ज त्याच दिवशी रद्द होतो, आणि नंतर घटस्फोट झाला तरी जिवंत होत नाही. आज तो २९ चा आहे. हिशोब मांडला तर चाळिशीपर्यंत थांबायचं.

आई पाच वर्षांनी नागरिक झाली तर विवाहित मुलासाठी अर्ज करू शकेल, हे खरं. पण त्या रांगेत २०२५ साली २०१० आणि २०११ चे अर्ज चालू होते. शिवाय नागरिकत्वाची परीक्षा इंग्रजीत असते. स्वतःच्या भाषेत ती देण्याची सवलत ५५ वर्षांवरच्या माणसाला ग्रीन कार्डावर पंधरा वर्षं, किंवा पन्नाशीवरच्याला वीस वर्षं झाल्यावर मिळते. पाच वर्षांत द्यायची तर आईला सत्तरीच्या उंबऱ्यावर इंग्रजी लिहा-वाचायची तयारी करावी लागेल. ज्यांना ते आवडीने करायचंय त्यांनी जरूर करावं. मुलाला बोलावण्यासाठी तिच्यावर हे ओझं टाकू नये.

एक धोक्याची गोष्ट इथेच सांगते, कारण काही घरांत ती कुजबुजली जाते. 'लग्न लावून देऊ, फक्त नोंदणी करायची नाही, कागदोपत्री तो अविवाहितच राहील.' असं होत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानुसार रूढीप्रमाणे विधी झाले, सप्तपदी झाली की लग्न पूर्ण होतं, नोंदणी असो वा नसो. त्यानंतर अविवाहित म्हणून सही करणं ही सरळ फसवणूक आहे, आणि ज्या मुलीला सून म्हणून घरात आणली तिला कागदांतून पुसून टाकणं तर फारच वाईट. असा सल्ला कुणी दिला तर उठून या.

भावासाठी योग्य वाट म्हणजे तुमचा स्वतःचा आय-१३०. इथे रांग आहे, म्हणून इथे तारीखच सगळं काही. अर्ज ज्या दिवशी पोचला ती त्याची अग्रक्रमाची तारीख, आणि ती लग्न झाल्याने बदलत नाही. भावंडांच्या वर्गात विवाहित-अविवाहित हा फरक नाही. पुढे त्याची बायको आणि २१ वर्षांखालची अविवाहित मुलं त्याच अर्जावर येऊ शकतात. मुलं तोवर मोठी झाली तर २००२ चा बालक दर्जा संरक्षण कायदा अर्ज मंजुरीसाठी प्रलंबित राहिलेला काळ वयातून वजा करतो, पण मंजुरीनंतर नुसत्या रांगेत घालवलेला नाही, त्यामुळे त्यावर फार भिस्त नको. एप्रिल २०२४ पासून या अर्जाची फी ऑनलाइन ६२५ आणि कागदावर ६७५ डॉलर आहे. भरण्याआधी यूएससीआयएसच्या संकेतस्थळावर चालू आकडा बघा.

पण भरण्याआधी भावाला विचारा. पुण्यातली नोकरी, उद्याचा संसार, आईबाबांचं म्हातारपण, या सगळ्यात त्याला हे हवंय का, हे पत्रात कुठेच नाही. त्याला एक अडचणही माहीत असू द्या. नंतर कधी पर्यटक किंवा विद्यार्थी व्हिसा मागताना 'तुमच्यासाठी कुणी स्थलांतराचा अर्ज केला आहे का' या प्रश्नाला त्याला 'हो' लिहावं लागेल, आणि विद्यार्थी व्हिसात ते आड येऊ शकतं. एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या बाबतीत ती अडचण नाही. पुढच्या एक-दोन वर्षांत त्याला तिथे शिकायला जायचं असेल तर थोडं थांबणंही शहाणपणाचं ठरेल.

कागदांचं काम मात्र आईबाबांचा अर्ज करा किंवा करू नका, आत्ताच हाती घ्या. ते करायला दोघं हयात आणि हिंडतेफिरते आहेत. भावाच्या अर्जालाही हेच लागणार, कारण तुम्ही दोघं एकाच आईची लेकरं आहात हे तुमच्या आणि त्याच्या जन्मदाखल्यांवरूनच दाखवायचं असतं.

आईचं नाव प्रत्येक कागदावर वेगळं, हे महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक घराचं दुखणं आहे. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, त्यापुढे वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. लग्नात मुलीचं पहिलं नावसुद्धा बदलायची रीत, मग पुढे नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. तुमच्या जन्माची नोंद करताना दवाखान्यात कुणी तिसरंच, हाक मारायचं नाव सांगितलेलं. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही. पण तपासणाऱ्या अधिकाऱ्यासमोर त्या तीन वेगळ्या बायका असतात. म्हणून आय-१३० मध्ये पूर्वीच्या नावांची जी जागा आहे तिथे आईची सगळी नावं न लाजता लिहा. ती लपवली तर संशय येतो, लिहिली तर फक्त जोड दाखवायची राहते. ती जोड म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला, नावबदल महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात छापला असेल तर त्याची प्रत, आणि या सगळ्या नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र.

आईबाबांचं लग्न नोंदवलेलं नसेल तर आता नोंदवता येतं. महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्यात उशिरा नोंदणीची सोय आहे. गावी असाल तर ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाकडे चौकशी करा. लग्नाची पत्रिका, फोटो, भटजी हयात असतील तर त्यांची सही आणि साक्षीदार लागतील. दोघं नोव्हेंबरात परतले की भावाने सुट्टी काढून हे काम पहिलं करून घ्यावं. बाबांच्या अर्जाला हा दाखला लागतोच. आईचा अर्ज तुमच्या जन्मदाखल्यावर उभा राहतो, बाबांच्या अर्जाला मात्र त्याच्या जोडीला दोघांच्या लग्नाचा पुरावाही द्यावा लागतो.

आईबाबांचे स्वतःचे जन्मदाखले नसतील, याची मला जवळपास खात्री आहे. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशव्यापी कायदा १ एप्रिल १९७० पासून अमलात आला, त्याआधीच्या कितीतरी जन्मांची नोंदच नाही, आणि हे वकिलातीलाही ठाऊक आहे. अशा वेळी नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला स्थानिक कार्यालयातून घ्यायचा, सोबत शाळा सोडल्याचा दाखला आणि त्यांच्या जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं जोडायची. बाबांची थोरली बहीण किंवा आईचे मामा असं कुणी असेल तर त्यांची प्रतिज्ञापत्रं याच वर्षी करून ठेवा. तुमच्या स्वतःच्या जन्मदाखल्यावर तुमच्या नावाची जागा कोरी आहे का तेही बघा. बऱ्याच जुन्या दाखल्यांवर ती कोरीच असते. नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत ती भरून घ्यायला काय लागेल ते भावाला विचारून यायला सांगा. यूएससीआयएसला दिलेल्या प्रत्येक मराठी कागदासोबत पूर्ण इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं सही केलेलं प्रमाणपत्र लागतं. ते घरच्या माणसाकडून न घेतलेलं बरं.

पुढे आईबाबांसाठी अर्ज केलात तर आय-८६४ हे हमीपत्र तुम्हाला द्यावं लागेल. तुम्ही तिघं आणि ते दोघं असं पाच जणांचं घर धरलं, तर २०२५ च्या तक्त्याप्रमाणे वर्षाला ४७,००० डॉलरच्या थोडं वर उत्पन्न दाखवावं लागत होतं. तुमचं एकटीचं कमी पडलं तर नवऱ्याचं धरता येतं. हे हमीपत्र म्हणजे नुसती औपचारिकता नव्हे. ते नागरिक होईपर्यंत, किंवा त्यांच्या नावावर साधारण दहा वर्षांचं काम जमा होईपर्यंत, किंवा ते कायमचे देश सोडेपर्यंत, किंवा त्यांच्या अखेरीपर्यंत तुम्ही बांधलेल्या राहता. तुमच्या नवऱ्यालाही सही करावी लागली तर त्याच्याशी हे आधी नीट बोला.

बाळाचं काय, हा प्रश्न मी विसरलेले नाही. तुमच्या मनाची ओढाताण मला समजते. पण त्या प्रश्नाचं आयुष्य दोन-तीन वर्षांचं आहे आणि ग्रीन कार्डाचा निर्णय आईबाबांच्या उरलेल्या सगळ्या आयुष्याचा. आत्ताचा मुक्काम आणखी थोडा वाढवायचा असेल तर आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीवरची मुक्कामाची तारीख उलटण्याआधी आय-५३९ या अर्जावर मुदतवाढ मागता येते. पण बाबांना तोडीला जायचंय, म्हणून मी तो आग्रह धरणार नाही. तोड आटोपली की उन्हाळ्यात दोघं पुन्हा येऊ शकतील. मधल्या महिन्यांसाठी पाळणाघर किंवा घरी येणारी बाई शोधा, कामाच्या ठिकाणी थोडी सवलत मागून बघा. एडिसनमध्ये मराठी बोलणाऱ्या, मुलं सांभाळणाऱ्या बायका मिळतात, मंडळात तीच चौकशी करा.

कायदेशीर सल्ला मात्र मंडळात मागू नका, आणि 'ओळखीने लवकर करून देतो' म्हणणाऱ्या पुण्यातल्या कुठल्याही एजंटाकडेही नको. अमेरिकेत हा सल्ला देण्याचा अधिकार तिथल्या परवानाधारक वकिलाला, किंवा न्याय खात्याने मान्यता दिलेल्या प्रतिनिधीला असतो. अर्जाचे नमुने फुकट मिळतात. पैसे देऊन रांगेत पुढे कुणीही जात नाही. सही करण्याआधी एकदा वकिलाला सगळे कागद दाखवा, विशेषतः आईच्या नावांचे.

भावाचा अर्ज भरलात की आलेली पावती नीट जपा, एक प्रत त्याच्याकडे द्या. घर बदललं तर दर वेळी नवा पत्ता कळवा. नंबर लागल्याची सूचना आल्यावर वर्षभरात काहीच प्रतिसाद दिला नाही तर नोंदणी रद्द होऊ शकते, आणि जुन्या पत्त्यावर गेलेल्या पत्रांपायी असं झालेलं मी पाहिलं आहे. ही फाइल कुठे आहे हे नवऱ्यालाही माहीत असू द्या. अर्ज करणाऱ्याच्या मृत्यूनंतर अर्ज आपोआप रद्द होतो. मानवतेच्या कारणावरून तो पुन्हा जिवंत करण्याची विनंती करता येते, पण तो आधीच मंजूर झालेला असेल तर. म्हणून मंजुरीचं पत्र आलं की तेही त्याच फाइलमध्ये लावा.